‘सी’ला ‘रे’ का खपत नाही?

गेल्या आठवड्यात आपण फ्रेंच भविष्यकाळाची रूपे पाहिली. आजच्या जर-तरच्या वाक्यांना तीच शिदोरी पुरणार आहे. ‘जर’साठी फ्रेंचमध्ये ‘सी’ हा शब्द आहे आणि पुढे ‘इल’ आले की दोन्ही मिळून ‘सिल’ होते. पावसाचीच तीन वाक्ये घेऊ. ‘सिल प्लऽ, नू रेस्तरों’ म्हणजे पाऊस पडला तर आम्ही थांबू. ‘सिल प्लव्हे, नू रेस्तरियों’ म्हणजे आत्ता पाऊस पडत असता तर आम्ही थांबलो असतो. पण तो पडत नाही. ‘सिलाव्हे प्लू, नू सरियों रेस्ते’ म्हणजे काल पाऊस पडला असता तर आम्ही थांबलो असतो. पण तो पडला नाही आणि आम्ही निघून गेलो. ‘सी’नंतर अनुक्रमे वर्तमानकाळ, अपूर्ण भूतकाळ आणि पूर्ण भूतकाळ येतो. दुसऱ्या अर्ध्यात अनुक्रमे भविष्यकाळ, ‘कोंदिस्योनेल’ आणि त्याचेच पूर्ण रूप येते. नियम एवढाच आहे आणि तो एका संध्याकाळी पाठ होतो. तरीही बोलायची वेळ आली की मराठी माणसाच्या तोंडून ‘सिल प्लव्हे’ऐवजी ‘सिल प्लव्हरे’ निघते, म्हणजे अटीच्या अर्ध्यातही शेवटच्या ‘रे’सकट कोंदिस्योनेल शिरतो. ही चूक निष्काळजीपणाची नाही, तिच्यामागे मराठीची स्वतःची शिस्त आहे. ती शिस्त नीट पाहिली तर फ्रेंच नियमाचे कारणही उलगडते, असे मला वाटते.

‘पाऊस पडला असता तर आम्ही थांबलो असतो’ हे वाक्य पाहा. दोन्ही पारड्यांत ‘असणे’चे तेच संकेतार्थी रूप आहे. मराठी कानाला हा तोल हवासा वाटतो आणि फ्रेंच बोलतानाही तो तोच तोल शोधतो. पण आपल्या वाक्याची बिजागरी कुठे आहे? ‘जर’ आपण सर्रास गाळतो, ‘तर’ मात्र सहसा गाळत नाही. ‘पाऊस पडला तर थांबू’ यात ‘जर’ नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. अट आहे हे आपल्याला अर्धे वाक्य संपताना, ‘तर’पाशी कळते. फ्रेंचमध्ये नेमके उलट आहे. ‘तर’साठी ‘अलोर’ म्हणता येते, पण त्यावाचून काही अडत नाही. ‘सी’ मात्र वाक्याच्या तोंडाशीच उभा असतो आणि अटीचा सगळा भार एकटा पेलतो. अट अशी आधीच जाहीर झाल्यावर पुढच्या क्रियापदाने ती पुन्हा सांगण्याची गरज उरत नाही.

मग ‘कोंदिस्योनेल’ करतो काय? त्याच्या नावात ‘कोंदिस्यों’, म्हणजे अट, आहे आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. या रूपाची घडण पाहा. अंग भविष्यकाळाचे, प्रत्यय अपूर्ण भूतकाळाचे. ‘नू रेस्तरों’मधले ‘रेस्तर’ आणि ‘नू रेस्तियों’मधले ‘इयों’ जोडले की ‘रेस्तरियों’ तयार. अनियमित अंगेही नवी शिकावी लागत नाहीत, कारण असणेचे ‘सर’, जवळ असणेचे ‘ओर’, जाणेचे ‘इर’ आणि करणेचे ‘फर’ भविष्यकाळातूनच आलेले आहेत. इतिहासही हेच सांगतो. उत्तरकालीन लॅटिनमध्ये मूळ क्रियापदाला ‘जवळ असणे’ या क्रियापदाचे वर्तमानरूप जोडून फ्रेंच भविष्यकाळ घडला, तर भूतरूप जोडून कोंदिस्योनेल. म्हणजे हे रूप मुळात भूतकाळात उभे राहून पाहिलेले भविष्य आहे. म्हणूनच ‘इला दी किल व्हियँद्रे’, म्हणजे ‘तो येईल असे तो म्हणाला’, या वाक्यात अट कुठेच नसताना ते येते. दुकानात नम्रपणे ‘ज व्हूद्रे’ म्हणताना तेच येते, आणि आपण जिथे वाक्याला ‘म्हणे’ जोडतो तशी खात्री न झालेली बातमी देतानाही फ्रेंच वृत्तपत्रे तेच वापरतात. अनेक आधुनिक व्याकरणे तर त्याचा वेगळा गट न मानता त्याची गणना साध्या काळांतच करतात. कोंदिस्योनेल अट मांडत नाही. वास्तवापासून एक पाऊल दूर गेल्यावर पुढे काय घडेल, ते तो सांगतो. म्हणून त्याची जागा फळाच्या अर्ध्यात आहे.

आणि ते दूर जाणे अटीच्या अर्ध्यात भूतकाळाचे रूप साधते. आजची गोष्ट भूतकाळात कशी, असे कोणी विचारील. पण हे मराठीला नवे नाही. ‘उद्या पाऊस पडला तर’ यात ‘उद्या’शेजारी ‘पडला’ बसतो आणि कोणाला खटकत नाही. ‘मला जरा पाणी हवे होते’ असे म्हणणाऱ्याला पाणी आत्ताच हवे असते. ‘होते’ने त्याने मागणीची धार तेवढी कमी केलेली असते. भूतरूप दरवेळी काळच दाखवते असे नाही, ते अंतरही दाखवते. ‘सी’नंतरचे अपूर्ण भूतरूप असेच अंतर दाखवते.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की इंग्रजीतही दोन अर्ध्यांत वेगळी रूपे येतात, मग मराठीतून कशाला जायचे? इंग्रजीची मदत होते हे खरे. पण इंग्रजीचे ‘वुड’ जुनी सवयही सांगते, आणि त्याच्या मागे गेलेला विद्यार्थी ‘तो रोज यायचा’ हेदेखील कोंदिस्योनेलमध्ये घालतो. तिथे फ्रेंचला अपूर्ण भूतकाळ लागतो. ‘यायचा’ आणि ‘आला असता’ यांत मराठी माणूस कधी गफलत करत नाही. दुसरा आक्षेप असा की फ्रेंच मुलेही ही चूक करतात, मग ती चूक कशी? करतात खरी. यिव्ह रोबेर यांच्या 1962च्या ‘ला गेर दे बुतों’ या चित्रपटातल्या चिमुकल्याचे असेच एक वाक्य फ्रान्सभर प्रसिद्ध झाले. पण ते स्मरणात राहिले ते त्यातली चूक प्रत्येकाला ऐकू येते म्हणूनच, आणि शाळेत अजूनही ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही असे घोकून घेतात. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘ज न से पा सिल व्हियँद्रा’ यात ‘सी’नंतर चक्क भविष्यकाळ आहे! पण याचे मराठी करा: ‘तो येईल की नाही, मला माहीत नाही’. इथे ‘तर’ बसतच नाही. हा ‘सी’ अटीचा नसून शंकेचा आहे. जिथे ‘तर’ बसतो तिथे नियम पाळायचा, जिथे ‘की नाही’ बसते तिथे तो लागू नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्याला एकटे सोडते. ‘पैसे असते तर घर घेतले असते’ हे वाक्य आजचे की दहा वर्षांपूर्वीचे, ते संदर्भावरून ठरते. फ्रेंचला ते क्रियापदातच सांगावे लागते. म्हणून या आठवड्याचा सराव असा: ‘तर’ची पाच मराठी वाक्ये लिहा, प्रत्येकाला आधी ‘आज की तेव्हा?’ हा प्रश्न विचारा आणि मगच फ्रेंचकडे वळा. ‘आज’ असेल तर ‘सी’नंतर अपूर्ण भूतकाळ, ‘तेव्हा’ असेल तर पूर्ण भूतकाळ. ‘रे’ दोन्ही वेळा स्वल्पविरामाच्या पलीकडेच राहील.