दोन लाव्हांमधला काळ

लेकीकडे चंदीगडला आलो की आयटी पार्कच्या बाजूने सकाळची फेरी होते. समोर शिवालिक. पायाखाली हिमालयातून वाहत आलेले गुळगुळीत गोटे. काळा पाषाण औषधालाही सापडत नाही. उभा जन्म बेसाल्टवर हातोडी चालवलेल्या मला इथे फार चुकल्यासारखं होतं.

दख्खनचा उद्रेक म्हटला की अजूनही आग ओकणारा शंकूच रंगवतात. माथेरानला ज्वालामुखीचं तोंड ठरवणारेही भेटतात. आपल्याकडे जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि लाव्हा पसरत गेला. धुळे-नंदुरबारकडे भिंतींसारख्या उभ्या असलेल्या डाइक म्हणजे अशा भेगांत गोठलेला लाव्हाच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक आजही ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. गुरूच्या आयो या चंद्रावरचे जिवंत ज्वालामुखी १९७९ साली व्हॉयेजर-१ने दाखवले, मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स एव्हरेस्टच्या दुपटीहून उंच आहे. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय.

माझा जीव अडकलाय तो दोन लाव्हांमधल्या विश्रांतीत. घाटातल्या कापात काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टा दिसतो, तो त्या शांततेत लाव्हा कुजून झालेली माती. काही ठिकाणी तळी साचली, त्यांत गाळ बसला. हेच आंतरट्रॅपी थर. मुंबईत वरळीच्या अशा थरात इवल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेनने १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. नागपुरात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने टाकळीच्या परिसरातले गोगलगाईंचे शंख जमवले. पुढे इथल्याच पंजाब विद्यापीठातले अशोक साहनी या थरांतल्या प्राण्यांच्या मागे लागले. डोळ्यांना जेमतेम दिसणारे माशांचे दात, हाडांचे तुकडे! खाली थिजलेला लाव्हा, वर पुन्हा लाव्हा येणार, आणि मधल्या तळ्यात बेडूक डराव डराव करताहेत. याहून मोठी गोष्ट मला खडकांत भेटली नाही.

डायनोसोर उल्केने मेले की लाव्हाने, यावर हमरीतुमरीवर येणाऱ्यांना मी नेहमी विचारत आलो: मधल्या काळाचा हिशेब कुठे आहे? तेव्हा विटकरी थर म्हणजे किरकोळ बाब, असं सांगून मला गप्प बसवलं जाई. पुढे त्याच थरांतल्या झिरकॉनच्या कणांवरून उद्रेकाचं वय काढलं गेलं. २०१९ साली दोन गटांचे निष्कर्ष एकाच वेळी छापून आले. उद्रेक कोट्यवधी वर्षं रेंगाळला नाही, बहुतेक सगळा १० लाख वर्षांच्या आतबाहेर आटोपला, इथवर दोघांचं जुळलं. उल्केआधी किती लाव्हा आला आणि नंतर किती, यावर मात्र फाटलं.

आम्ही विद्यार्थी असताना एसटीतून उतरून तो पट्टा नखाने खरवडायचो, बोटं गेरूने माखायची. आता दरड कोसळू नये म्हणून कापांवर जाळ्या लावतात, कुठे सिमेंट फवारतात. माणसांचा जीव वाचलाच पाहिजे. पण जिथे कडा धोक्याचा नाही, तिथे तरी दहा फूट कातळ उघडा सोडा, पोरांना हात लावता येईल एवढ्या उंचीवर.