जमिनीपासून सुटलेला आकार

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीमुळे देशभर ओळखले जाते. सुमारे साडेतीन फूट उंचीची, काळ्या रंगाची ही पद्मासनस्थ मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी विराजमान आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. एके काळी तिच्याखालून घोडेस्वार जाऊ शकत असे, आता केवळ वस्त्र सरकवता येते, असे परंपरा सांगते. या श्रद्धेची शहानिशा करणे हा येथे हेतू नाही. मात्र या कथेत शिल्पकलेचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. दगड किंवा धातूसारख्या जड पदार्थाला त्याच्या जडपणातून मुक्त कसे करावे? विसाव्या शतकातील अमूर्त शिल्पकार आपापल्या परीने याच प्रश्नाशी झुंजत होते.

अमूर्त शिल्प पाहताना सर्वसामान्य प्रेक्षकाच्या मनात दोन प्रतिक्रिया उमटतात. 'हे नेमके काय आहे?' ही पहिली आणि 'असे तर कुणीही करील' ही दुसरी. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. अमूर्त म्हणजे मनाला येईल तो आकार, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात बहुतेक महत्त्वाच्या अमूर्त शिल्पांची सुरुवात एखाद्या ओळखीच्या वस्तूपासून होते. तिच्यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याचा निर्णय शिल्पकार वर्षानुवर्षे घेत असतो.

रुमानियात १८७६ मध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या कॉन्स्टंटिन ब्रांकुसीचे 'पक्षी' हे याचे उत्तम उदाहरण. थोर शिल्पकार रोदँच्या कार्यशाळेत काही काळ काम करून १९०७ मध्ये तो बाहेर पडला. मातीचा नमुना करून तो कारागिरांकडून दगडात उतरवून घेण्याची तेव्हाची रूढ पद्धत सोडून त्याने थेट दगडाला छिन्नी लावली. १९१० च्या सुमारास त्याने केलेल्या लोककथेतल्या पक्ष्याला छाती, मान, चोच आणि पाय होते. पुढच्या दशकात हे अवयव एकमेकांत विरघळत गेले. १९२३ पासून त्याने घडवलेल्या 'अवकाशातील पक्षी' या मालिकेत पंख नाहीत, पाय नाहीत, डोळेही नाहीत. वर झेपावणारी एक निमुळती, किंचित फुगीर रेषा तेवढी उरली. त्याला पक्ष्याचे शरीर दाखवायचे नव्हते, उड्डाण दाखवायचे होते.

येथे घडणावळीचे महत्त्व लक्षात येते. ब्राँझचे ओतकाम झाल्यावर ब्रांकुसी ते कानशीने आणि पॉलिश पेपरने दीर्घकाळ हाताने घासत असे. पृष्ठभाग आरशासारखा झाला की आजूबाजूचा प्रकाश त्यात मिसळतो, कडा पुसट होतात आणि धातूचे वजन नजरेपुरते नाहीसे होते. शिल्पाखालच्या चौथऱ्याचाही तो तितकाच विचार करी. आकार जमिनीवर किती अलगद टेकतो, यावर त्याची झेप अवलंबून असते.

हे सारे तेव्हाच्या जगाला सहज पटले नाही. १९२६ मध्ये असा एक पक्षी अमेरिकेत पोहोचला, तेव्हा सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्याला कलाकृती मानण्यास नकार दिला. स्वयंपाकघरातील भांडी आणि रुग्णालयातील साहित्याच्या वर्गात टाकून त्यावर ४० टक्के कर आकारला. प्रकरण न्यायालयात गेले. १९२८ मध्ये निकाल ब्रांकुसीच्या बाजूने लागला. कलाकृतीने निसर्गातील वस्तूसारखे दिसलेच पाहिजे, हा आग्रह न्यायालयाने सोडला.

या पक्ष्यांचा एका मराठी राजघराण्याशीही संबंध आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी तीन पक्षी संग्रही घेतले. एक ब्राँझचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. इंदूरला या पक्ष्यांसाठी एक ध्यानमंदिर उभारायचे ठरले. त्यात पाण्याचे एक कुंड आणि वरून येणारा प्रकाश अशी कल्पना होती. त्यासाठी ब्रांकुसी १९३७-३८ च्या हिवाळ्यात भारतात आला, परंतु मंदिर कधीच उभे राहिले नाही. संगमरवराचे दोन्ही पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने विकत घेतले. ते आज कॅनबेरात आहेत.

ती वास्तू झाली असती, तर तिचे शेजारी तिला अगदीच परके नसते. जैन मूर्तिपरंपरेतही गाळण्याची ही शिस्त पूर्वापार आहे. तीर्थंकराच्या मूर्तीत स्नायू, शिरा, वय, व्यक्तिगत चेहरा यांना जवळपास स्थान नसते. बहुतेक तीर्थंकर आसनावरच्या लांछनावरून ओळखावे लागतात. पार्श्वनाथांची ओळख पटते ती मस्तकावरच्या नागफणांमुळे. दिगंबर परंपरेतील सिद्धप्रतिमा तर याही पुढे जाते. धातूच्या पत्र्यातून मानवी आकृती कापून काढलेली असते आणि जी पोकळी उरते, तीच देहमुक्त आत्म्याची प्रतिमा. येथे आकार पदार्थाने नव्हे, तर पदार्थाच्या अभावाने सिद्ध होतो. मुंबईत १९५४ मध्ये जन्मलेल्या अनीश कपूर यांच्या शिल्पांतील खोल, अंधाऱ्या पोकळ्यांपुढे उभे राहताना भारतीय प्रेक्षकाला ही प्रतिमा आठवावी, हे स्वाभाविक आहे. अर्थात दोहोंचे प्रयोजन वेगळे आहे. सिद्धप्रतिमा उपासनेसाठी असते, कपूर यांचे शिल्प अनुभवासाठी. साम्य आहे ते रिकाम्या जागेला अर्थ देण्याच्या दृष्टीत.

मूर्तीवरची एखादी रेषा किती मोलाची असते, हे शिरपूरने जवळून पाहिले आहे. मूर्तीचे स्वरूप, तिच्यावरील लेप आणि पूजेचे हक्क यांवरून श्वेतांबर आणि दिगंबर पंथांत दीर्घकाळ वाद चालला. १९८१ पासून मंदिर कुलूपबंद राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये त्याचे दरवाजे पुन्हा उघडले. कमरेभोवतीची एक खूण ठेवली वा पुसली, तर मूर्तीची ओळख बदलते, असे दोन्ही बाजूंना वाटते. आकारातील तपशील ही क्षुल्लक बाब नाही, याचा यापेक्षा ठळक दाखला मिळणे अवघड.

म्हणूनच अमूर्त शिल्पापुढे 'हे काय आहे?' याऐवजी वेगळे प्रश्न विचारून पाहावेत. शिल्पकाराने काय गाळले? उरलेले जमिनीवर कसे टेकले आहे? प्रकाश त्यावर थांबतो की घसरून जातो? शिल्पाभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घातली, की यांची उत्तरे मिळू लागतात. मूर्तीभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्या समाजाला ही रीत निराळी शिकवावी लागू नये.