पिवळ्या पट्टीवर ‘हो’ म्हणण्याआधी

पतसंस्था असो, शाळेचं ऑफिस असो की कारखान्याचं स्टोअर. मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲक्सेस’मध्ये कुणीतरी करून दिलेलं नोंदींचं सॉफ्टवेअर अजूनही अनेक ठिकाणी रोज उघडलं जातं. फाइल उघडली की वर एक पिवळी पट्टी येते. सुरक्षेसाठी फाइलमधला काही भाग बंद ठेवला आहे, असं ती सांगते आणि शेजारी ‘एनेबल कंटेंट’चं बटण असतं. कारकून ते दाबतो आणि कामाला लागतो. पट्टीवरचा मजकूर तो वाचत नाही, कारण सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं असतं, ‘ते येतंच, ओके करून टाकायचं.’

हे वाक्य ऑफिसला फार महागात पडू शकतं. न वाचता बटण दाबायची सवय एकदा हाताला लागली की, उद्या मेलमधून आलेल्या खोट्या बिलाच्या फाइलवर तशीच पट्टी दिसली तरी हात तिथेच जातो. इशारा दिसतो वापरणाऱ्याला, पण तो हाताळण्याची जबाबदारी सॉफ्टवेअर करणाऱ्याची आहे, असं माझं ठाम मत आहे.

इशारा येतो तो उगाच नाही. मार्च १९९९मध्ये ‘मेलिसा’ हा व्हायरस पसरला तो वर्डच्या फाइलमधल्या मॅक्रोतून, म्हणजे फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या आज्ञांमधून. फाइल उघडली की तो आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःच रवाना व्हायचा. ॲक्सेसच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड आहे, कारण इथे फाइलमध्ये कोड असणं हेच नेहमीचं. ठेवीवरचं व्याज काढतो तो व्हीबीए या ऑफिसमधल्या प्रोग्रामिंग भाषेतला कोड आणि त्याच व्हीबीएमध्ये ‘किल’ ही फाइल पुसून टाकणारी आज्ञाही आहे. समोर बसलेल्या माणसाला संगणकावर जे जे करता येतं, ते सगळं हा कोड करू शकतो. तो कुणी आणि कशासाठी लिहिला, हे ॲक्सेसला कळायला मार्ग नाही. म्हणून ॲक्सेस २००३ फाइल उघडण्याआधीच हटकू लागलं. २००७च्या आवृत्तीने पद्धत बदलली: फाइल उघडू द्यायची, पण कोड बंद ठेवायचा. त्याच आवृत्तीत ‘ट्रस्टेड लोकेशन’, म्हणजे विश्वासाचं फोल्डर ठरवून देण्याची सोय आली. या फोल्डरमधल्या फाइलला पट्टी येत नाही.

इतकी सरळ सोय असताना सॉफ्टवेअर करणारे अनेक जण भलतीच वाट धरतात. सेटिंगमध्ये जाऊन ‘एनेबल ऑल मॅक्रोज’ निवडून टाकतात. पट्टी गेली, फोन यायचे थांबले. पण ती परवानगी एका फाइलपुरती राहत नाही. ओळखीच्या माणसाला किल्ली देण्याऐवजी दाराचं कुलूपच काढून ठेवावं, तसं हे आहे.

योग्य पद्धतीला थोडीच मेहनत लागते. सॉफ्टवेअरसाठी प्रत्येक संगणकावर एक वेगळं फोल्डर करायचं आणि बसवतानाच विंडोजच्या रजिस्ट्रीत, त्या वापरकर्त्याच्या खात्याखाली, त्याचा पत्ता ट्रस्टेड लोकेशन म्हणून नोंदवायचा. डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा अख्खा सी ड्राइव्ह कधीही नोंदवू नये. तिथे काय येऊन पडेल यावर कुणाचा ताबा नसतो. नेटवर्कवरचं फोल्डर नोंदवण्यासाठी वेगळी परवानगी द्यावी लागते आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःच तसं करू नका म्हणतं. म्हणून माहितीचे टेबल सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये, आणि फॉर्म, रिपोर्ट, कोड असलेली दुसरी फाइल प्रत्येकाच्या संगणकावर, ही जुनी विभागणीच इथेही कामाला येते. विश्वास द्यायचा तो या दुसऱ्या फाइलच्या फोल्डरला. जिथे ॲक्सेसची फुकट मिळणारी ‘रनटाइम’ आवृत्ती आहे, तिथे तर वापरणाऱ्याला सेटिंगचा मेनूच मिळत नाही. करणाऱ्याने फोल्डर नोंदवलं नाही, तर बिचाऱ्याला दर वेळी तोच प्रश्न.

२०२२पासून पिवळीच्या जोडीला लाल पट्टीही आली आहे. मेलमधून किंवा ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला विंडोज ‘ही इंटरनेटवरून आली’ अशी अदृश्य खूण चिकटवतं. अशा फाइलमधला मॅक्रो मायक्रोसॉफ्ट आता थेट अडवतं. ‘एनेबल’चं बटण मिळतच नाही. हा बदल जुलै २०२२मध्ये काही दिवस मागे घेतला गेला होता, पण त्याच महिन्यात तो पुन्हा सुरू झाला. फाइल खरोखर आपल्याच माणसाने पाठवली आहे, अशी फोनवर खात्री करून घ्यावी आणि मगच तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करावी. झिप फाइल असेल तर उलगडण्याआधी.

एवढं करूनही कधीतरी फाइल भलत्या जागी ठेवली जाते आणि कोड बंद असतानाच उघडते. बटणं दाबावीत तर काहीच होत नाही, आणि सॉफ्टवेअर बिघडलं असं कारकुनाला वाटतं. त्यावर एक सुंदर उपाय आहे. ‘ऑटोएक्झेक’ नावाचा मॅक्रो फाइल उघडताच चालतो, आणि फॉर्म उघडण्यासारख्या निरुपद्रवी गोष्टी त्याला अशा अवस्थेतही करता येतात. त्यात ‘करंटप्रोजेक्ट.इजट्रस्टेड’ तपासायचं, उत्तर नकारार्थी आलं तर एक साधा फॉर्म उघडायचा. त्यावर मराठीत लिहावं: ‘ही फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये आहे. बटण दाबू नका. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटने उघडा.’ हा मजकूर फॉर्मवरच्या लेबलमध्येच टाकावा. व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी लिहायला गेलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. लेबलवर देवनागरी स्वच्छ दिसते. इंग्रजी इशारा न वाचणारा माणूस आपल्या भाषेतली ही तीन वाक्यं नक्की वाचतो.

सेटअप फाइलवर डिजिटल सही असली तर उत्तमच. फाइल कुणाची आहे आणि वाटेत तिच्यात कुणी बदल केला नाही, एवढं ती सांगते. आतला कोड चांगला आहे याची हमी देत नाही. जून २०२३पासून अशा सहीची गुप्त किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवण्याचं बंधन आलं आहे, त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्या प्रोग्रामरला ती वाट जड जाते. विश्वासाच्या फोल्डरला मात्र काहीच खर्च नाही.

तुमच्या ऑफिसात असं सॉफ्टवेअर असेल तर उद्या सकाळी ॲक्सेसमध्ये फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर या वाटेने मॅक्रोची सेटिंग उघडून पाहा. ‘एनेबल ऑल’ निवडलेलं दिसलं तर ते बदलून ‘डिसेबल विथ नोटिफिकेशन’वर आणा, आणि सॉफ्टवेअर करून देणाऱ्याला फोन करून त्याचं फोल्डर नीट नोंदवून मागा.