पोटातली गाठ आणि दोन दुर्बिणी

आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. शस्त्रक्रियेवर बोलायचा आमचा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. पण शब्दांचा घोळ निस्तरणं हे तर आमचंच काम, आणि आपल्या जालन्यात ‘दुर्बीण’ या शब्दाने बराच घोळ घातला आहे.

अंबडकडच्या एका मोसंबी बागायतदारांच्या जठरात गाठ निघाली. घरचे आम्हाला म्हणाले, “सर, दुर्बीण तर मागच्याच महिन्यात झाली, आता पुन्हा कशाला?” झाली होती ती एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे नळी घालून केलेली तपासणी. तिच्यात गाठ दिसते, तुकडा काढून तपासता येतो. अगदी सुरुवातीची, आतल्या अस्तरापुरतीच गाठ असेल तर काही वेळा तिथूनच काढताही येते. आता सुचवली होती ती लॅपरोस्कोपी. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडायची, कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवायचं, एका छिद्रातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून हत्यारं.

व्हिएन्नात बिलरोथ यांनी 1881 मध्ये पोट उघडून जठराचा कर्करोग झालेला भाग यशस्वीपणे काढला. जपानमध्ये कितानो यांनी 1991 मध्ये तेच काम दुर्बिणीच्या मदतीने केलं. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं होतं. म्हणजे बदललं ते आत शिरायचं दार. आतलं काम तेच राहिलं.

लोक चीर मोजतात आणि ऑपरेशन ‘छोटं’ म्हणतात, चूक होते ती इथे. कर्करोग असेल तर गाठीभोवतीचा निरोगी काठ घ्यावा लागतो, जवळच्या लसिका ग्रंथीही काढाव्या लागतात. त्यातल्या निदान 16 तपासल्या जाव्यात असा दंडक आहे. काढलेला भाग बाहेर आणायला थोडी मोठी चीर लागतेच! ‘जिस्ट’ नावाची गाठ वेगळी. ती सहसा ग्रंथींत पसरत नाही, भोवतालच्या थोड्या भागासकट काढली की भागतं. मात्र ती आत फुटता कामा नये, म्हणून पिशवीत घालून बाहेर काढतात. फार मोठी असेल तर पोट उघडणंच बरं.

दुर्बिणीने दुखणं कमी, रक्त कमी जातं, माणूस लवकर घरी येतो. पण जपान-कोरियातल्या अभ्यासांत, सुरुवातीच्या कर्करोगात, जगण्याचं प्रमाण दोन्ही पद्धतींत सारखंच आढळलं.

बागायतदारांचे चिरंजीव डॉक्टरांना एवढंच विचारणार होते, “टाके किती?” आम्ही म्हटलं, बाबा रे, गाठ कोणती, कुठवर गेली, किती जठर काढणार, हे विचार. आणि हेच ऑपरेशन त्यांनी आजवर किती वेळा केलंय, तेही. शेवटचं विचारायला तो लाजत होता. विचारलं शेवटी. डॉक्टर रागावले नाहीत, सरळ आकडा सांगितला.