जुन्या क्रोनोग्राफचा अस्सलपणा कसा ओळखावा?

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथील एका लिलावात १९५७ सालच्या बनावटीचे म्हणून मांडलेले ‘ओमेगा स्पीडमास्टर’ हे मनगटी घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला विकले गेले. लिलावापूर्वीचा अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँकांचा. खरेदीदार होती खुद्द ओमेगा कंपनी. तिला ते आपल्या संग्रहालयासाठी हवे होते. मात्र २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले की, हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेले असून, या व्यवहारात आपलेच माजी कर्मचारी गुंतलेले होते. निर्मात्याच्या घरातच असे घडू शकते, तर सामान्य संग्राहकाने अस्सल घड्याळ पारखावे कसे?

त्यासाठी प्रथम यंत्र समजून घेतले पाहिजे. क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीची वेळ दाखवीत असतानाच एखाद्या घटनेला लागलेला काळ स्वतंत्रपणे मोजणारे घड्याळ. ग्रीक मुळानुसार या शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’ असा होतो. १८२१ मध्ये निकोला रियुसेक या फ्रेंच घड्याळजीने पॅरिसमधील घोड्यांच्या शर्यतीत वापरलेले यंत्र तबकडीवर शाईचा ठिपका उमटवून खरोखरच काळ लिहीत असे. पुढे शाई गेली, नाव मात्र टिकले.

जुन्या स्पीडमास्टरमध्ये वरची कळ दाबली की छोटे खांब असलेले एक चक्र थोडे फिरते, तरफा हलतात आणि मधल्या सेकंदकाट्याचे दंतचक्र चालत्या यंत्राशी जोडले जाते. तीच कळ पुन्हा दाबल्यास काटा थांबतो. खालची कळ दाबताच एक हातोडी हृदयाच्या आकाराच्या तुकड्यावर आदळते. त्या आकारामुळेच काटा कोठेही असला तरी थेट शून्यावर परततो. तो शून्याच्या अलीकडे किंवा पलीकडे थांबत असेल, तर दुरुस्तीची गरज आहे असे समजावे.

यंत्र चालते एवढ्याने मात्र घड्याळ ‘सुस्थितीत’ ठरत नाही. पूर्वी दुरुस्तीच्या वेळी विटलेली तबकडी बदलणे, काटे नवे बसविणे, कवच घासून चकचकीत करणे ही चांगली सेवाच मानली जात असे. आज संग्राहक त्यालाच उणीव समजतात. वारंवार घासल्याने कवचाच्या रेखीव कडा बोथट होतात आणि गेलेला धातू परत येत नाही. म्हणून सर्व भागांचे वय एकमेकांशी जुळते का, हे पाहावे. तबकडीवरील चमकद्रव्य पिवळसर आणि काट्यांवरील पांढरेशुभ्र असेल, तर काहीतरी बदललेले असण्याचा संभव आहे. कंपनीच्या नोंदींचा उतारा उपयुक्त असला, तरी विक्रीनंतर तबकडी बदलली गेली का, हे तो सांगत नाही.

गोव्यात जहाजावर किंवा परदेशी नोकरी केलेल्या वडीलधाऱ्यांची घड्याळे काही घरांतून आजही असतील. असे घड्याळ हाती आल्यास ते स्वतः घासू नये किंवा उघडू नये. त्या काळच्या अनेक तबकड्यांवर किरणोत्सर्गी रेडियम असे. तेल वाळलेले असताना चावी भरून ते चालविल्यास भाग झिजतात. जाणकार घड्याळजीकडे देताना बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा आणि पावती, डबी, पट्टा जपून ठेवावा. घड्याळाच्या प्रामाणिकपणाची साक्ष पुढे याच वस्तू देतात.