एकोणतीस म्हणजे एक उडी मागे!

घरात पाचेक वर्षांचा भाचा किंवा पुतणी आहे? मग आज एक गंमत करून बघा. 'वीसपर्यंत म्हणून दाखव' म्हणा. एका दमात म्हणून दाखवेल. आता डब्यातून सात शेंगदाणे आणायला सांगा. बऱ्याचदा मूठभर येतील! आकडे तोंडपाठ आहेत, पण सात म्हणजे नेमके किती, हे अजून पोचलेलं नाही.

हसू नका. आपल्यापैकी कितीतरी जणांनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकला, त्याची सुरुवात अशीच कुठेतरी झाली असेल. पाठांतर पुढे गेलं, समज मागे राहिली आणि 'मला गणित येत नाही' हे वाक्य चिकटलं ते चिकटलंच. घरातल्या पिल्लाला ते चिकटू नये असं वाटत असेल, तर फोन ठेवा बाजूला आणि एक खडू घ्या.

गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये सरळ रेघ ओढा. एकेका उडीच्या अंतरावर ० ते १० लिहा. तुम्ही टाळ्या वाजवायच्या, त्याने त्या मोजून तेवढ्या उड्या मारायच्या. आता एक बारकावा. तो ४ वर उभा असेल आणि दोन टाळ्या वाजल्या, तर उडी मारताना 'एक, दोन' नाही म्हणायचं, 'पाच, सहा' म्हणायचं. म्हणजे आपण कुठून निघालो आणि कुठे पोचलो, हे पायांबरोबर डोक्यालाही कळतं. मागे उडी मारली की वजाबाकी. संपलं!

रेघ सरळच का? अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० आकड्यांचा सरळ पट खेळायला दिला. जेमतेम तासाभराच्या खेळानंतर मुलांची आकड्यांची समज सुधारली. हे संशोधन २००८चं. नंतर त्यांनी गोल पटही वापरून पाहिला, पण सरळ पटाचा फायदा जास्त दिसला. तिथे सोंगटी चालत होती, आपल्याकडे मूलच सोंगटी होतं, एवढाच फरक.

आणि अंगणातलं शिक्षण आपल्याला नवं थोडंच आहे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. शिंपले, बिया, खडे हीच त्यांची साधनं.

मूल पहिली-दुसरीत गेलं की खरी मजा. मराठीत 'पंचवीस' ऐकताना आधी पाच ऐकू येतो, म्हणून पोरं बिनधास्त ५२ लिहून मोकळी होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला होता! तुमचं मत काहीही असो, रेघेवर हा गुंता सुटतो. रेघ तीसपर्यंत वाढवा. १०, २०, ३० ठळक लिहा आणि तिथे एकेक वही ठेवा. पंचवीसला जायचं? दोन वह्या ओलांडायच्या, मग पाच उड्या. आणि एकोणतीस? थेट तीसवर जायचं, तिथून एक उडी मागे. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे आपल्यालाही कधी कुणी असं सांगितलं नव्हतं, हो ना?

एकच पथ्य पाळा. उडी चुकली तर 'एवढंही येत नाही?' म्हणायचं नाही. 'पुन्हा शून्यावर ये' म्हणायचं. आणि अधूनमधून तुम्ही मुद्दाम चुका. तो ओरडून तुम्हाला बरोबर आकडा सांगेल, तेव्हा परत एकदा सात शेंगदाणे मागा.