भूस्थानिक तंत्रज्ञानविषयक प्रादेशिक परिषदांचे औचित्य : मनमाड परिसराच्या पाणीप्रश्नाच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

उपग्रह, भौगोलिक माहिती प्रणाली (जीआयएस) व स्थाननिश्चिती प्रणाली यांमुळे भूपृष्ठाविषयीची माहिती आज विपुल प्रमाणात उपलब्ध आहे. तथापि ती निरनिराळ्या विभागांकडे, निरनिराळ्या सीमांमध्ये व निरनिराळ्या संदर्भमापांवर विभागलेली आहे. ही माहिती एकत्र आणून ताडून पाहण्याचे साधन म्हणून प्रादेशिक परिषदेकडे कसे पाहता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात मनमाड परिसराच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : भूस्थानिक तंत्रज्ञान, पाणलोट, लाभक्षेत्र, संदर्भ गोलाभ, प्रादेशिक परिषद

प्रस्तावना

मनमाड म्हटले की रेल्वेचे जंक्शन आणि पाण्याची टंचाई या दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांआड नळाला पाणी येण्याचा अनुभव या शहराने अनेक वर्षे घेतला आहे. टंचाईची कारणे सांगताना पर्जन्यछायेचा प्रदेश आणि बेसाल्ट खडक यांचा उल्लेख होतो व तो योग्यच आहे. बेसाल्टमध्ये पाणी मुख्यतः झिजलेल्या व भेगाळलेल्या थरातच साठते. त्यामुळे विहिरींची क्षमता मर्यादित राहते. परंतु मनमाडच्या पाणीप्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती नकाशांची.

भूस्थानिक तंत्रज्ञान म्हणजे 'काय' या प्रश्नाला 'कोठे' हा प्रश्न जोडणारे तंत्रज्ञान होय. सुदूर संवेदन, जीआयएस, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आणि भूमापन या त्याच्या प्रमुख शाखा आहेत. या क्षेत्रातील व्यावसायिकांच्या परिषदा बहुधा महानगरांत भरतात. निमशहरी भागाला त्यांचा उपयोग काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर आपल्याच परिसरात शोधता येते.

एक शहर, तीन नकाशे

पहिला नकाशा पाणलोटाचा आहे. मनमाडजवळून वाहणारी पांझण ही गिरणेची उपनदी आणि गिरणा तापीला मिळते. म्हणजे नैसर्गिकदृष्ट्या मनमाड तापी खोऱ्यात येते. दक्षिणेला अंकाई-टंकाईच्या डोंगरांपलीकडे येवल्याकडील उतारावर पडणारे पाणी मात्र गोदावरीकडे जाते.

दुसरा नकाशा कालव्यांचा आहे. मनमाडला पिण्यासाठी पालखेड धरणातून आवर्तन मिळते. कालव्याने आलेले हे पाणी पाटोदा येथील साठवण तलावातून उचलून वागदर्डी धरणात आणले जाते. पालखेड धरण दिंडोरी तालुक्यात कादवा नदीवर आहे आणि कादवा ही गोदावरीची उपनदी आहे. त्याच नदीवरील करंजवण धरणातून थेट जलवाहिनीने पाणी आणण्याची योजनाही हाती घेण्यात आली. सारांश, तापी खोऱ्यातील शहर गोदावरी खोऱ्यातील पाणी पिते.

तिसरा नकाशा प्रशासनाचा आहे. मनमाड नांदगाव तालुक्यात आहे. पाणी मात्र दिंडोरी, निफाड, येवला अशा तालुक्यांतून येते. टँकरची मागणी गावनिहाय व तालुकानिहाय होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा मात्र भूजलाचे मूल्यांकन पाणलोट क्षेत्रनिहाय करते. त्यासाठी राज्याची १५३१ पाणलोट क्षेत्रांत विभागणी केलेली आहे आणि निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजली जाते.

हे तिन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र ते एकमेकांवर ठेवल्याशिवाय शहराचे पाणी किती, कोणाच्या वाट्याचे आणि कोणत्या मार्गाने येणारे, याचा हिशेब पूर्ण होत नाही. गोदावरी खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचा वाद महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ नंतर अधिक तीव्र झाला. अशा स्थितीत खोऱ्याबाहेर जाणाऱ्या पाण्याची अचूक नोंद ही केवळ शैक्षणिक बाब राहत नाही.

एक विहीर, दोन स्थाने

नकाशे एकमेकांवर ठेवणे हे वाटते तितके सोपे नाही. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांसमवेत एका क्षेत्रभेटीत विहिरीचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर नोंदवले व ते जुन्या स्थलनिर्देशक नकाशावर मांडले, तेव्हा विहीर ओढ्याच्या दुसऱ्या काठावर दिसली. यंत्र बिघडले असावे, असा विद्यार्थ्यांचा तर्क होता. प्रत्यक्षात यंत्र व नकाशा दोन्ही ठीक होते.

पृथ्वी पूर्ण गोल नसल्याने तिच्यासाठी गणिती आकार गृहीत धरावा लागतो. त्यास संदर्भ गोलाभ म्हणतात. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रास येथे आरंभलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे कार्य पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालवले. त्यांच्या १८३० च्या गोलाभावर भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आधारलेले आहेत. उपग्रह प्रणाली मात्र डब्ल्यूजीएस-८४ हा गोलाभ वापरते. या दोहोंमुळे आपल्या भागात एकाच बिंदूच्या स्थानात शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापराचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर तयार होऊ लागले. परंतु जुन्या नकाशांवरून संगणकात उतरवलेली माहिती आजही वापरात आहे.

शंभर मीटर म्हणजे किती? महाराष्ट्रात जमीन मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. शंभर मीटर म्हणजे सुमारे दहा साखळ्या. एवढ्या अंतरात गट क्रमांक बदलतो, शेतकरी बदलतो. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटर लांबीच्या मनमाड-इंदूर नवीन रेल्वेमार्गास मंजुरी दिली. अशा प्रकल्पात मार्गाची आखणी जीआयएसवर होते, तर भूसंपादन सातबारा व मोजणी नकाशावर होते. या दोहोंचे संदर्भमाप एक नसेल, तर चूक कागदावर राहत नाही. ती कोणाच्या तरी बांधावर येऊन पडते.

परिषदांची परंपरा

अशा प्रश्नांची चर्चा करणाऱ्या संस्था देशात आहेत. इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग ही १९६९ पासून, भारतीय राष्ट्रीय मानचित्रण संघटना (इन्का) १९७९ पासून आणि इंडियन सोसायटी ऑफ जिओमॅटिक्स १९९३ पासून कार्यरत आहे. १० ते १४ ऑक्टोबर २०२२ या काळात हैदराबाद येथे संयुक्त राष्ट्रांची दुसरी जागतिक भूस्थानिक माहिती काँग्रेस भरली. कोणीही मागे राहू नये, हा विचार तिच्या मध्यवर्ती सूत्रात होता. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी राष्ट्रीय भूस्थानिक धोरण अधिसूचित झाले. त्यापूर्वी फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशे व भूस्थानिक माहिती तयार करण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानगीची अट दूर केली होती.

धोरणाने दार उघडले. परंतु आत शिरण्यासाठी स्थानिक पातळीवर ओळखपाळख व कौशल्य लागते. त्यासाठी प्रादेशिक परिषद उपयुक्त ठरते.

प्रादेशिक परिषदेकडून अपेक्षा

नाशिक जिल्ह्यात अशा परिषदेस अनुकूल भूमी आहे. नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) उपग्रह प्रतिमांवरून जलाशयांतील गाळाचा अभ्यास करते. निरनिराळ्या पातळ्यांना पाण्याने व्यापलेले क्षेत्र प्रतिमेवरून मोजले जाते आणि जुन्या मोजमापाशी तुलना करून घटलेली क्षमता काढली जाते. मात्र किमान पातळीखालचा गाळ उपग्रहाला दिसत नाही; तेथे बोटीतून प्रत्यक्ष सर्वेक्षण करावे लागते. प्रतिमा वाचणारा आणि बोटीतून खोली मोजणारा असे दोघेही एका सभागृहात बसले, तरच जलाशयाचे पूर्ण चित्र मिळते.

यास्तव अशा परिषदेची आखणी पुढीलप्रमाणे असावी. एक, केवळ शोधनिबंध वाचन न ठेवता परिसरातील एकच प्रश्न, उदाहरणार्थ मनमाडचा पाणीपुरवठा, चर्चेसाठी घ्यावा. दोन, भूजल, जलसंपदा, भूमी अभिलेख, नगरपरिषद व महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, नागपूर यांना आपापले नकाशे घेऊन निमंत्रित करावे आणि ते सर्वांसमक्ष एकमेकांवर ठेवून पाहावेत. तीन, आढळलेल्या तफावतींची यादी परिषदेअखेर लेखी द्यावी. चार, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना क्षेत्रनोंदीचे काम द्यावे. त्यांना गावातील विहिरी, ओढे व स्थलनामे ठाऊक असतात. उपग्रह प्रतिमेत ही माहिती नसते. पाच, कामकाज मराठीतही व्हावे, कारण ज्यांच्या जमिनीची व पाण्याची चर्चा होते, त्यांना ती समजली पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मनमाडसारख्या भागात माहितीचा अभाव ही मुख्य अडचण नसून माहितीमधील विसंगती ही मुख्य अडचण आहे. खोरे एक, कालवा दुसरा, तालुका तिसरा आणि नकाशाचे संदर्भमाप चौथे, अशी ही स्थिती आहे. ही विसंगती संगणक आपोआप दूर करत नाही. ती माणसांनी एकत्र बसून दूर करावी लागते. प्रादेशिक परिषदेचे यश किती निबंध वाचले यावर न मोजता, परिषद संपल्यावर किती नकाशे एकमेकांशी जुळले यावर मोजले गेले, तर तिचा लाभ नळाच्या तोटीपर्यंत पोहोचण्याची शक्यता निश्चितच वाढेल.